हाक मारली, ओ उशिरा आली

मैत्रिणींनो, “सासूबाईंना एक गोष्ट दहादा सांगावी लागते,” “ह्याचं अभ्यासात लक्षच नाही,” असं आपण चार जणी जमलो की बोलतोच. पण हाक आणि ओ यांच्यामध्ये जाणारा वेळ मोजता येतो, हे ठाऊक आहे का तुम्हांला?

हॉलंडमधल्या डाँडर्स या शास्त्रज्ञाने १८६८ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकच खूण असली की माणूस चटकन हात हलवतो. पण डावी खूण की उजवी, हे ओळखून त्याच बाजूचा हात हलवायचा असेल, तर वेळ जास्त लागतो. हा जादा वेळ मेंदूला ओळखायला नि ठरवायला लागतो. मेंदूच्या तपासणीत आजही हे मोजतात; तेही एकदाच नव्हे, पुनःपुन्हा. वेग किती आणि तो टिकतो का, दोन्ही पाहायचं असतं.

घरी गंमत करून बघा. पट्टी वरच्या टोकाला उभी धरा. मुलाची उघडी बोटं खाली शून्यापाशी ठेवा आणि न सांगता पट्टी सोडा. २० सें.मी.वर पकडली, तर वेळ लागला ०.२ सेकंद, ३० वर पकडली, तर पाव सेकंद. ही मात्र गंमतच हं, यावरून रोग ठरवायचा नाही!

पाव सेकंद म्हणजे थोडाथोडका नव्हे. ताशी ४० कि.मी. वेगाची स्कूटर तेवढ्यात जवळजवळ तीन मीटर पुढे जाते. म्हणून सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेतल्यावर किंवा रात्रभर जागरण झाल्यावर गाडी चालवू नका.

वयानुसार वेग थोडा मंदावतोच. अपुरी झोप, मनाची उदासी, थायरॉईडची कमतरता यांनीही मंदावतो. कधी नुसतं ऐकूच कमी येत असतं. तेव्हा ‘म्हातारचळ लागला’ म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार बसल्यानंतर मूल अभ्यासात मागे पडलं, तर त्याला रागावू नका, तपासून घ्या. वडीलधारं माणूस पडलं आणि काही दिवसांनी सुस्तावलं, तर थांबू नका. एकाएकी बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

एरवी मात्र एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. पुष्कळदा उत्तर येतच असतं. आपणच मध्ये बोलतो.