सिस्कोनं भरलेलं बिल

खुला कोड / कीबोर्डकर

फायरफॉक्समध्ये अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर जाऊन प्लगइन्सची यादी उघडली की एक नोंद दिसते: ओपनएच२६४ व्हिडिओ कोडेक, सिस्को सिस्टिम्सकडून. राउटर आणि स्विच विकणारी सिस्को मोझिला या ना-नफा संस्थेच्या ब्राउझरमध्ये काय करते, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. पडायला हवा. धंद्यासाठी लिहिलेला कोड कंपन्या खुल्या ब्राउझरला देतात तेव्हा नेमकं काय देतात आणि काय हातात ठेवतात, हे त्या नोंदीमागच्या व्यवहारात लख्ख दिसतं.

२०१३ साली ब्राउझरमधूनच थेट व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून वेबआरटीसीचं मानक ठरत होतं आणि कोणता कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत, सक्तीचा करायचा यावरून जुंपली होती. गूगल आणि मोझिला व्हीपी८ च्या बाजूनं. हा कोडेकही मूळचा धंद्याचाच. ऑन२ ही कंपनी विकत घेऊन गूगलनं तो २०१० मध्ये खुला केला होता. समोर एच.२६४: फोनच्या चिपमध्ये आधीच जाऊन बसलेला, पण पेटंटांनी वेढलेला. त्या पेटंटांची एकत्रित वसुली एमपीईजी एलए करायची आणि एका कंपनीकडून वर्षाला जास्तीत जास्त ६५ लाख डॉलर घ्यायची. मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ, पण ब्राउझर फुकट वाटणाऱ्यांना आणि त्यातून स्वतःच्या आवृत्त्या काढणाऱ्यांना अशक्य. सिस्कोची कॉन्फरन्सची यंत्रं एच.२६४ वर चालत. सगळे ब्राउझर व्हीपी८ कडे गेले असते तर तिच्या गिऱ्हाइकांची चांगलीच पंचाईत झाली असती.

३० ऑक्टोबर २०१३ ला सिस्कोनं तोडगा जाहीर केला. कोड बीएसडी परवान्याखाली खुला करणार; त्यातून बांधलेली बायनरी आपल्या सर्व्हरवरून वाटणार आणि तिची रॉयल्टीही आपणच भरणार. मेख अशी की बिल भरलेलं आहे ते फक्त त्या बायनरीचं. तोच कोड तुम्ही तुमच्या मशीनवर कंपाइल केलात तर कोड तुमचा, पेटंटची जबाबदारीही तुमची. आमटीची कृती छापून गावभर वाटली, पण फुकट जेवायचं तर आमच्याच पंगतीला बसा, असा हा प्रकार. म्हणून फायरफॉक्स ३३ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१४ पासून, हा कोडेक ब्राउझरबरोबर येत नाही. ब्राउझर बसवल्यावर तो सिस्कोकडून वेगळा उतरवला जातो आणि तो बंद करण्याची सोय ठेवावी लागते. फेडोरा लिनक्सलाही हीच कसरत करावी लागते: बांधायचं त्यांनी, वाटायचं सिस्कोनं.

खुल्या सॉफ्टवेअरच्या सोवळ्या मंडळींना हे फसवं वाटतं. मला वाटत नाही. सिस्कोचा स्वार्थ पहिल्या दिवसापासून उघड होता आणि उघड स्वार्थाशी व्यवहार करणं सोपं असतं. कोड वाचता येतो. बायनरी त्याच कोडची आहे का, हे बांधून पडताळता येतं. शिवाय २०१४ च्या नोव्हेंबरात ब्राउझरनी व्हीपी८ आणि एच.२६४ दोन्ही चालवावेत अशी तडजोड झाल्यामुळे सिस्कोनं उद्या बिल भरणं थांबवलं तरी कॉल बंद पडत नाहीत. कंपनीनं दिलेल्या घटकाला मी हीच कसोटी लावतो: घेणाऱ्याला तो हवा तसा मोडता येतो का, आणि नकोसा झाला तर काढून टाकता येतो का?

या कसोटीवर सगळ्यात चांगलं उतरलेलं दान म्हणजे गाजावाजा होऊन फसलेलं दान. नोव्हेंबर २००६ मध्ये अडोबीनं फ्लॅश प्लेअरमधलं अ‍ॅक्शनस्क्रिप्टचं इंजिन मोझिलाला दिलं. प्रकल्पाचं नाव टॅमरिन. सुमारे १ लाख ३५ हजार ओळींचा कोड, मोझिलाच्याच तिहेरी परवान्याखाली. बेत असा की जावास्क्रिप्टची येऊ घातलेली चौथी आवृत्ती फ्लॅशच्या भाषेच्या जवळ जाईल आणि दोघांना एकच इंजिन पुरेल. पण ऑगस्ट २००८ मध्ये ती चौथी आवृत्तीच गुंडाळली गेली आणि बेत कोसळला. मोझिलाच्या प्रोग्रामरनी मात्र टॅमरिनमधला नॅनोजिट हा मशीन कोड तयार करणारा छोटा भाग उचलला आणि आपल्या जुन्या इंजिनाला जोडला. २००९ च्या फायरफॉक्स ३.५ मधलं ट्रेसमंकी त्यातूनच उभं राहिलं. पुढे त्याहून चांगली पद्धत सापडल्यावर तेही काढलं. अडोबीला विचारायची गरज पडली नाही.

दुसऱ्याचा घटक काढून टाकता यायला हवा, हे शहाणपण मोझिलाला जन्मापासूनच मिळालं असावं. १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीनं आपला ब्राउझर खुला करायचं ठरवलं आणि त्यातूनच मोझिला जन्मली. तेव्हा त्या ब्राउझरच्या आत इतरांचे ७५ हून अधिक घटक निघाले. प्रत्येक मालकाची परवानगी मागायची; नाही म्हटलं तर तुकडा कापायचा. कूटलेखनाचा भाग तर अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे गाळावाच लागला. ३१ मार्चला बाहेर आलेल्या त्या अर्धवट कोडला ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रामरनी काही दिवसांतच कूटलेखन परत जोडून दिलं.

सगळीच देणी अशी नसतात. प्लगइन्सच्या त्याच यादीत गूगलचं वाइडवाइनही असतं. सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांना कॉपी होण्याची धास्ती, म्हणून कुलूपबंद व्हिडिओ उघडणारा हा घटक. त्याचा कोड मोझिलाकडे नाही. आधी, २०१५ मध्ये, त्या जागी अडोबीचं मॉड्यूल होतं. आपल्याला हे पटत नाही, पण घेतलं नाही तर प्रेक्षक दुसऱ्या ब्राउझरकडे जातील, असं मोझिलानं तेव्हाच सांगून टाकलं होतं. तिच्या हातात एवढंच होतं की या बंद डब्याभोवती स्वतःचं खुलं सँडबॉक्स उभारायचं. तेवढं तिनं केलं. आता दोन्ही प्लगइन्स बंद करून बघा. ओपनएच२६४ बंद केलं तर बहुतेक व्हिडिओ कॉल व्हीपी८ वर चालत राहतील. वाइडवाइन बंद केलं तर नेटफ्लिक्स लागणार नाही.