उन्नावच्या पुढे गंगा वाहत नाही काय?

मा. महासंचालक,
राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियान, नवी दिल्ली

महोदय,

९ ऑक्टोबर २०१८ ची पर्यावरणीय प्रवाहाची, म्हणजे नदीत किमान किती पाणी वाहते ठेवावे हे ठरवणारी अधिसूचना आपल्याला तोंडपाठ असेल, म्हणून थेट विचारतो: तिच्यातली गंगा उन्नावला का संपते?

हरिद्वारच्या वर प्रवाहाची टक्केवारी ठरली. भीमगोडा बराजखाली पावसाळा सोडून सेकंदाला किमान ३६ घनमीटर, बिजनौर, नरोरा आणि कानपूरला २४. पुढे काहीच नाही. ज्या काशीच्या आरतीवाचून गंगेची सरकारी जाहिरात पुरी होत नाही, तिथे ऐन ज्येष्ठात नदीत निदान किती पाणी असावे, हे राजपत्राला ठाऊक नाही.

आणि ठरलेले आकडे तरी कसले? भीमगोड्यावरूनच निघणाऱ्या वरच्या गंगा कालव्याची क्षमता १०,५०० क्युसेक, म्हणजे जवळपास २९७ घनमीटर. कालव्याला २९७, नदीला ३६. पुढे नरोऱ्याला खालचा कालवा उरलेसुरले ओढायला बसलेलाच आहे. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी इंग्रजांकडून हरिद्वारच्या हर की पौडीसाठी १,००० क्युसेक कबूल करून घेतले होते. आपले ३६ घनमीटर म्हणजे १,२७१ क्युसेक. इंग्रज जाऊन सत्तर वर्षे झाल्यावर गंगामाईला २७१ क्युसेकची वाढ मिळाली! अभिनंदन. अधिसूचनेनंतर दोनच दिवसांनी गंगेसाठी १११ दिवस उपाशी राहिलेले प्रा. जी. डी. अग्रवाल गेले.

१९९६ च्या करारात फराक्क्याला बांगलादेशासाठी टंचाईच्या दिवसांत आळीपाळीने ३५,००० क्युसेकची हमी आहे. त्यांचे पाणी त्यांना मिळायलाच हवे. पण परदेशाला हमी देता येते आणि वाटेतल्या काशीला देता येत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

काशीपर्यंत येते त्यातले बरेचसे पाणी यमुनेचे, म्हणजे चंबळ, बेतवा आणि केनचे. चंबळ महूजवळ जानापावला, होळकरांच्या मुलखात उगम पावते. काशीच्या अहिल्याघाटाला अजून माळव्याचेच पाणी लागते, हा अहिल्याबाईंचा उपकार म्हणावा की आपला हलगर्जीपणा?

हिमनद्यांचे कारण कृपया सांगू नये. मैदानात उन्हाळ्यातली गंगा मुख्यतः जमिनीखालच्या झऱ्यांवर चालते, आणि तेच पाणी १९७० च्या दशकापासून विंधनविहिरींनी उपसले जात आहे. त्यामुळे उन्हाळ्यात नदी आटते, हे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०१८ मध्येच मांडले. पाऊसही लहरी झाला आहे. १९९१ ते २०२० मधले गंगेचे आटणे गेल्या तेराशे वर्षांतले सर्वांत तीव्र, असे २०२५ चा एक अभ्यास सांगतो. मग किमान आकडा आता नाही ठरवायचा तर कधी?

२०२१ चा उन्हाळा विसरला असाल तर सांगतो. मे-जूनमध्ये काशीच्या घाटांवरचे पाणी शेवाळाने हिरवेगार झाले होते. पायरीवर तर्पणाला बसलेल्या माणसाने ओंजळ भरावी, तिच्याकडे पाहावे आणि काय करावे ते न कळून इकडेतिकडे बघावे, अशी अवस्था. त्याच सुमारास समोरच्या रेतीत सुमारे १२ कोटी खर्चून पाच किलोमीटरहून लांब कालवा खणला जात होता. नदीत पाणी नाही, म्हणून वाळूत नदी काढायची! पावसाळ्यात गंगेने तो बुजवून टाकला. निदान तिने तरी हिशेब चुकता केला.

पूर आला की केंद्रीय जल आयोगाची पातळी तासातासाला कळते. ७१.२६ मीटर ही धोक्याची खूण दुर्गाघाटावरचे शेंबडे पोरही सांगेल. मे महिन्यात मात्र नदीत वाहते किती, असे विचारले की उत्तर ठरलेले: गंगा खोऱ्यातले विसर्गाचे आकडे गोपनीय आहेत. बुडताना माहिती द्यायची आणि आटताना लपवायची, ही कुठली सुरक्षा?

मागणी एवढीच. येत्या ज्येष्ठाच्या आत अधिसूचना उन्नावच्या पुढे न्या, वाराणसीचा किमान प्रवाह राजपत्रात छापा आणि रोजचा विसर्ग घाटावर फळ्यावर लिहा. आकडा लाजिरवाणा निघाला तरी लिहा.

उत्तर द्यायचे झाल्यास ‘आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे’ हे वाक्य वगळावे. तसली पत्रे आमच्याकडे फाइलभर आहेत.

आपला,
दुर्गाघाटावरचा एक मराठी रहिवासी, वाराणसी