आमची अक्षरे, आमचा मोबाईल

मोबाईलने तरुण पिढी बिघडविली, अशी तक्रार आज घरोघरी ऐकू येते. आम्हांस ती अर्धीच खरी वाटते. संत्र्यांचा नागपूरचा भाव, परीक्षेचा निकाल, परगावी गेलेल्या भावाची खुशाली, दुकानदाराचे देणे ही सारी कामे त्यावरच होतात. आमची खंत निराळी आहे. आम्ही त्यावर मराठी लिहितो, ती मात्र इंग्रजी अक्षरांत!

‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ हे चार भिन्न शब्द तेथे एकाच वेषात उभे राहतात. नातवाने धाडलेला निरोप आजीस वाचता येत नाही. रोज पोथी वाचणारी आजी स्वतःच्याच भाषेत निरक्षर ठरते, हा दोष तिचा नव्हे.

या बाबतीत आफ्रिकेतील तरुणांकडे पाहावे. गिनी देशात फुलानी भाषा बोलणारे लोक ती अरबी वा रोमन अक्षरांत लिहीत. परंतु त्या अक्षरांत तिचे सारे ध्वनी नीट उमटत नसत. १९८९ च्या सुमारास इब्राहिमा व अब्दुलाय बॅरी या दोघा शाळकरी भावांनी तिच्यासाठी नवी अक्षरे घडविली आणि हातांनी पुस्तके उतरवून ती लोकांस शिकविली. या ‘अदलाम’ लिपीस युनिकोड या जागतिक संकेतावलीत २०१६ साली स्थान मिळाले. आज फुलानी तरुण मोबाईलवर आपल्याच अक्षरांत निरोप लिहू शकतात. देवनागरीस ते स्थान १९९१ सालीच लाभले आहे. त्यांनी जे कष्टाने मिळविले, ते आमच्या खिशात असून आम्ही वापरीत नाही!

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. तरीही मोहगावच्या घरांत मराठी टिकली, ती कोणाच्या हुकमाने नव्हे, वडीलधाऱ्यांच्या नित्य वापराने. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु भाषा मानाने जगत नाही, वापराने जगते.

कोणी म्हणेल, रोमन अक्षरे लवकर लिहून होतात. हा केवळ सवयीचा प्रश्न आहे. बालवर्गात ‘अ’ गिरवितानाही आमचा हात अडखळलाच होता. विद्यार्थी बंधुभगिनींनो, मोबाईलवर मराठीचा कळफलक आजच घ्या, आणि पहिला निरोप आजीस लिहा. तो तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार नाही.