स्वस्त पाना आणि महाग सायकल



शाळेच्या आवारात यंदा सायकलींची रांग लांबली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. त्या रांगेबरोबर एक प्रश्नही आवारात आला आहे. ब्रेकचे रबर, चेन, पेडल, पाने, पंप या वस्तू स्वस्तातल्या घ्याव्यात की नावाजलेल्या कंपनीच्या? पालक सभेत हा प्रश्न निघाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी जोरात बोलणे झाले. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांना सायकल दुरुस्ती शिकवावी आणि त्यासाठी शाळेने हत्यारांची पेटी घ्यावी, असा आमचा विचार आहे. म्हणजे हाच प्रश्न आता विश्वस्त मंडळापुढेही येणार. म्हणून आमचे मत येथे सविस्तर मांडतो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे एक म्हण सतत कानावर पडे : महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार. म्हण चांगली आहे, पण अर्धीच खरी आहे. महागडी गियरची सायकल घेऊन, तिचा एक भाग बिघडला की महिनाभर ती जिन्याखाली उभी ठेवणारेही आम्ही पाहतो. आणि ज्या घरात महिनाअखेरीस शंभराची नोट दोनदा मोजली जाते, त्या घराला "चांगलेच घ्या" हा उपदेश करणे सोपे आहे, ऐकणे कठीण आहे. म्हणून "स्वस्त ते वाईट" असे सरसकट म्हणायला आम्ही तयार नाही. पण "सगळे सारखेच असते, नावाचे पैसे असतात" हे म्हणणेही आम्हांला मान्य नाही.

आमच्या मते किंमत हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न : ही वस्तू ऐन वेळी तुटली तर काय होईल? दुसरा प्रश्न : ही वस्तू किती वेळा वापरली जाणार? या दोन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत, मग पाकिटाकडे हात न्यावा.

पहिला प्रश्न सायकलीला लावून पाहू. घंटी तुटली तर तोंडाने ओरडता येते. कॅरिअर मोडले तर दप्तर पाठीवर घेता येते. मडगार्ड सुटले तर कपड्यांवर चिखल उडतो, आईची बोलणी बसतात, इतकेच. पण ब्रेकची वायर तुटली, हँडलचा बोल्ट तुटला किंवा पुढचा चिमटा वाकला तर? अबिड्सच्या चौकात किंवा चादरघाटच्या पुलावर बस मागे असताना दुसरी संधी मिळत नाही. म्हणून ब्रेकचे रबर, ब्रेकची वायर, चिमटा, हँडल आणि चाकाचा ॲक्सल या पाच गोष्टींत आम्ही घासाघीस करणार नाही आणि पालकांनीही करू नये. त्यातही ब्रेकचे रबर आणि वायर या दोन वस्तू पूर्ण सायकलीच्या किमतीपुढे अगदी किरकोळ आहेत. येथे चांगले आणि वाईट यांतला फरक थोड्या रुपयांचा असतो. पावसाळ्यात लोखंडी चकचकीत रिम ओली झाली की रबराची पकड आधीच बरीच कमी होते. त्यात रबर कडक, प्लास्टिकसारखे असेल तर ब्रेक दाबूनही सायकल पुढे जातच राहते. जून महिना लागण्याआधी हे रबर पाहून घ्या. त्यावरचे खाचे झिजून सपाट झाले असतील तर बदला.

पालकांच्या दुचाकीवर मागे बसून येणारी मुलेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. चार वर्षांवरील प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घालावे, असे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय मार्काशिवाय बनवणे व विकणे बेकायदा आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली, टोपीच्या जाडीची हेल्मेटे विकली जातात आणि चलान चुकवण्यासाठी घेतलीही जातात. पोलिसांसाठी घेतलेले हेल्मेट पोलिसांपुरतेच उपयोगी पडते. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आयएसआय मार्क असलेले साधे, कमी किमतीचे हेल्मेट आणि त्याच्या चौपट किमतीचे रंगीत हेल्मेट, दोघांनाही एकाच मानकाची, म्हणजे आयएस ४१५१ ची परीक्षा द्यावी लागते. ऐपत नसेल तर साधे घ्या, पण मार्काचे घ्या. किंमत तिसरा प्रश्न आहे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे हत्यारांचा. स्वस्त पाना वाईट का, याचे कारण त्याच्या चमकण्यात नाही, त्याच्या पोलादात आहे. चांगला पाना तापवलेल्या पोलादावर घण मारून घडवतात आणि नंतर त्याला पाणी देऊन टणक करतात. वाईट पाना मऊ लोखंडाचा असतो, त्यावर फक्त चकचकीत मुलामा असतो. जोर लावला की त्याचे तोंड किंचित उघडते. मग तो नटाच्या सहा कोपऱ्यांवर बसत नाही, घसरतो आणि कोपरे झिजवतो. दोन-तीनदा असे झाले की नट गोल होतो आणि कोणत्याच पान्याने निघत नाही. समजा, पाना दोनशेऐवजी साठ रुपयांना मिळाला. एकशे चाळीस रुपये वाचले. पण पेडल काढताना त्याने कोपरे मारले, मग हातोडीने ठोकाठोकी झाली, आटे गेले आणि क्रँकच बदलावी लागली, तर तो साठ रुपयांचा पाना शहरातला सर्वांत महाग पाना ठरतो. त्याची किंमत दुकानदाराने कमी घेतली, सायकलीने पूर्ण भरली. (विद्यार्थ्यांनी हेही लक्षात ठेवावे : डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. भलत्या दिशेने जोर लावला तर चांगला पानाही काही करू शकत नाही.)

तेव्हा रोज किंवा दर आठवड्याला हातात येणारी हत्यारे चांगली घ्यावीत, पण थोडी घ्यावीत. शंभर-दीडशे नगांचे भलेमोठे संच पेटीत घालून स्वस्तात विकतात आणि पालकांना ते फायद्याचे वाटतात. त्यांतले बहुतेक नग कधी पेटीबाहेर येत नाहीत. साध्या सायकलीला ८, १०, १३, १४ आणि १५ मिलिमीटरचे पाने, एक पेचकस, एक पक्कड, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि पंप एवढ्यावर बहुतेक काम भागते. नव्या सायकलींना ४, ५ आणि ६ मिलिमीटरची एलन की लागते. वर्षातून एकदा लागणारे हत्यार मात्र स्वस्तातले घ्यायला हरकत नाही. शेजाऱ्याकडून मागून आणले तर त्याहून उत्तम.

स्वस्त कोठे चालते, हेही मोकळेपणाने सांगतो. घंटी, स्टँड, कॅरिअर, सीटचे कव्हर, हँडलची मूठ, मडगार्ड यांत जास्त पैसे घालू नका. मुलाचे पहिले हत्यारही फार महाग नसावे, कारण हरवण्याची भीती असेल तर ते मूल त्याला हात लावणार नाही. आणि घरापासून शाळा दोन-तीन किलोमीटर असेल तर शर्यतीच्या सायकलीचे हलके, परदेशी भाग कशाला? साधी लोखंडी सायकल, तेल घातलेली आणि हवा भरलेली, पुरे झाली.

पुष्कळदा तर नवा भाग घेण्याची गरजच असते का, हे आधी मोजावे. चेनचेच घ्या. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असते. म्हणजे नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. कंपासपेटीतली फूटपट्टी पिनेवर ठेवा. बारा इंचांच्या खुणेवर पिन आली तर चेन चांगली आहे, फक्त साफ करून तेल घाला. पिन एक सोळांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर मागच्या फ्रीव्हीलचे दातेही झिजले असे समजा आणि दोन्ही बरोबरच बदला. गणिताच्या तासाला शिकलेले माप येथे घरातले पैसे वाचवते.

वस्तू पारखून घ्यावी, समजुतीवर घेऊ नये, याचा मोठा धडा आपल्या मराठी मुलखातच आहे आणि त्याची सुरुवात सायकलीच्या दुकानातून होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. १८८८ मध्ये त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकणे, दुरुस्त करणे, लोकांना चालवायला शिकवणे, असा तो व्यवसाय होता. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जायला जवळजवळ दोन वर्षे गेली. शेतात चालवून पाहिल्यावरच लोकांचा विश्वास बसला. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलीचे नट आवळणाऱ्या हातांनी पुढे कारखाना उभा केला. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात पाना द्यावा, असे आम्हांला वाटते त्यामागे हेही एक कारण आहे.

हैदराबादेत तर पारखण्याची सोय दारातच आहे. सायकलीच्या भागांसाठी अफजलगंज, हत्यारांसाठी राणीगंज आणि ट्रूप बाजार, जुन्या वस्तूंसाठी जुमेरात बाजार. आमच्या मते नव्या मऊ पान्यापेक्षा चांगल्या घडणीचा जुना पाना केव्हाही बरा, मग त्यावर थोडा गंज का असेना. सिकंदराबादेत १९४३ साली प्रागा टूल्स सुरू झाली, नंतर एचएमटी आली. अशा कारखान्यांत नोकरी केलेले आजोबा आपल्या काही घरांत आजही आहेत. मुलांनो, त्यांना बाजारात बरोबर घेऊन जा. ते पाना हातात घेतील, त्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि माप नीट उमटले आहे का पाहतील, नवा नट घालून ढिला पडतो का बघतील. दहा मिनिटांत ते जे शिकवतील, ते आम्हांला वर्गात शिकवता येणार नाही.

आणखी एक विनंती. पक्के बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा "बिल नको, कमी करा" या व्यवहारात आता फारसे वाचतही नाही. बिल असेल तर खोट्या मालाची तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयएसआय मार्काखाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर घालून पाहिला की मार्क खरा की खोटा ते कळते. हे काम नववीच्या मुलाला जमते.

शेवटी विश्वस्त महोदयांना नम्रपणे सांगतो. हत्यारांच्या पेटीसाठी तीन ठिकाणची कोटेशने येतील आणि रिवाजाप्रमाणे सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवले जाईल. संस्थेचा पैसा समाजाच्या देणग्यांतून येतो, तो जपून खर्च व्हावा, ही भावना योग्यच आहे. पण कोटेशनमध्ये केवळ नगांची संख्या आणि रक्कम पाहू नये. पोलाद कोणते, हमी किती, तुटलेला नग बदलून मिळणार का, हे आधी लिहून घ्यावे आणि त्या कसोटीला उतरलेल्यांत जो स्वस्त असेल तो निवडावा. रक्कम तेवढीच ठेवायची असेल तर पाच पेट्यांऐवजी दोन घ्याव्यात. मुलांनी पाळी लावून काम केले तरी चालेल. पण मऊ पान्यावर शिकलेला मुलगा नट फिरत नाही म्हणून स्वतःलाच अडाणी समजू लागतो. दोष हत्याराचा असतो आणि आत्मविश्वास मुलाचा जातो. शाळेला हे परवडणारे नाही.

पालकांनी या रविवारी मुलाच्या सायकलीचे दोन्ही ब्रेक एकदा स्वतःच्या हाताने दाबून पाहावेत आणि विद्यार्थ्यांनी फूटपट्टीने चेन मोजून तो आकडा वहीत लिहून आणावा. ज्यांची चेन बारा इंचांवर बरोबर आहे, त्यांनी नवी मागू नये. ज्यांचे ब्रेक ढिले आहेत, त्यांनी सोमवारी चालत यावे.