बोलीची जैत

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो मिळावा म्हणून शिलालेखांचे, जुन्या ग्रंथांचे दाखले द्यावे लागले. ते योग्यच होते. परंतु भाषा टिकते ती चुलीपुढे, बांधावर, आठवडी बाजारात. खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील खेड्यांत जी मराठी रोज बोलली जाते, तिचा दाखला कोणत्या ग्रंथात आहे? कोणत्या गाण्यात आहे? भाषेच्या प्रश्नावर लिहिताना आपण नेहमी शाळा, पाट्या आणि परिपत्रके यांच्याबद्दल बोलतो. आज मी एका गाण्यांच्या संचाबद्दल लिहिणार आहे. विषय वेगळा वाटला तरी प्रश्न तोच आहे.

तो संच म्हणजे 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली हा चित्रपट केला. निर्मिती उषा मंगेशकरांची, गीते ना. धों. महानोरांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. यातील जांभळाच्या झाडाखालचे गाणे ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत ते वाजते. पण एखादे गाणे सुटे ऐकणे निराळे आणि सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने ऐकणे निराळे. क्रमाने ऐकली की ध्यानात येते, ही नुसती चित्रपटाची गाणी नव्हेत. संवाद बाजूला ठेवले तरी एक अख्खी गोष्ट त्यांच्या आधाराने उभी राहते.

गोष्ट रायगड जिल्ह्यातील कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांची. भगताचा मुलगा नाग्या हा ढोल वाजवणारा गडी. लिंगोबाच्या डोंगरावर आग्या मोहोळांची वस्ती आणि त्यांत राणीमाशी. पुण्यवंतालाच ती दिसते, अशी श्रद्धा. नाग्या पुण्यवंत व्हायला निघतो आणि माशांच्या हल्ल्यात एक डोळा गमावून बसतो. मग देवीसमान मानलेल्या राणीमाशीशीच त्याचे वैर जडते. नांदायचे नाकारून आलेली धीट चिंधी त्याची साथीदार होते. शेवटी नाग्या डोंगर जिंकतो, पण चिंधी जीव गमावते. 'जैत' म्हणजे विजय. तो मिळतो आणि हातात काही उरत नाही. डॉ. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी या भूमिका केल्या.

मराठीत गाण्यांतून कथा सांगण्याचा मोठा प्रयोग त्याआधी झाला होता. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गीते झाली. त्याची थोरवी सांगायला नको. परंतु तेथे श्रोत्याला कथा अगोदरच पाठ होती. पुढे सीतेचे हरण होणार हे पोरासोरांनाही माहीत होते. 'जैत रे जैत'मध्ये तशी सोय नव्हती. नाग्या कोण, चिंधी कोण, मोहोळाशी त्यांचे काय वैर, हे शहरातल्या श्रोत्याला काहीच ठाऊक नव्हते. ठाकरवाडीची ओळख, डोंगराचा धाक, पावसाची हवा, दोघांची ओढ हे सारे गाण्यालाच उभे करायचे होते. समूहाचे गाणे वस्तीचे मन सांगते, एकट्याचे गाणे नाग्याचे किंवा चिंधीचे मन सांगते आणि मधून ढोल वाजत राहतो. गोंधळात, जागरणात आपल्याकडे आख्यान असेच चालते. मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार झील धरतो आणि रात्र सरता सरता कथा पूर्ण होते. म्हणून खेड्यातल्या माणसाला हा संच ऐकताना परके वाटत नाही.

यातील भाषेकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. त्यात डोंगराचा 'डोंगूर' होतो, विजयाची 'जैत' होते. कोणीही त्याला अशुद्ध म्हटले नाही. आशा भोसले, रवींद्र साठे यांच्यासारख्या गायकांनी ते उच्चार तसेच गळ्यात घेतले. आणि हे कोणी केले? महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे शेतकरी. दांडेकरांचा जन्म विदर्भातल्या परतवाड्याचा. जब्बार पटेल पंढरपूर-सोलापूरकडचे, पेशाने मुलांचे डॉक्टर. मंगेशकरांचे मूळ गोव्यातल्या मंगेशीचे. यांच्यापैकी कोणाच्याही घरी ठाकरी बोली नव्हती. तरी चार दिशांची ही माणसे एका डोंगरकुशीतल्या वस्तीच्या बोलण्याभोवती जमली आणि तिला मानाचे पान दिले. मराठीचे मोठेपण असे तिच्या बोलींना दिलेल्या मानातून दिसते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या भागात मुलगीसुद्धा 'मी आलो', 'मी गेलो' म्हणते. 'काय करूलास', 'कुठं जाऊलास' ही आपल्या तोंडची रोजची वाक्ये. पुण्या-मुंबईचा पाहुणा ती ऐकून हसतो आणि आपली पोरे ओशाळतात. कॉलेजसाठी पुण्याला गेलेला मुलगा पहिल्या सहा महिन्यांत काय शिकत असेल, तर आपले बोलणे लपवायला शिकतो. मी शिक्षक आहे. वर्गात प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे, या मताचा मी आहे. परीक्षेत आणि अर्जात तीच चालते आणि गरिबाच्या मुलाला ती हवीच. पण प्रमाण भाषा शिकवताना मुलाच्या आईची भाषा वाईट ठरवण्याचे कारण नाही. ज्या मुलाला आईच्या बोलण्याची लाज वाटते, त्याला मराठी शाळेचे महत्त्व पटवून देणे कठीण आहे. एका बाजूला कन्नडची सक्ती, दुसऱ्या बाजूला इंग्रजी माध्यमाची ओढ आणि तिसऱ्या बाजूला स्वतःच्याच भाषेची लाज. पहिल्या दोहोंशी आपण झगडतो, तिसरीकडे पाहतही नाही.

यावर समितीतील काही मंडळी आक्षेप घेतात. आपल्या बोलीत कानडी वळणे आहेत. ती मिरवली तर आपलाच दावा दुबळा होईल, असे त्यांचे म्हणणे. मला हे पटत नाही. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर आपली मागणी उभी आहे. त्यांत शुद्धलेखनाची अट कोठेही नाही. 'अण्णा', 'अक्का', 'तूप', 'अडकित्ता' हे शब्द कानडीतून आले म्हणून पुण्याची मराठी दुबळी झाली नाही. मग आमचीच का व्हावी? शिवाय लोकगीताने आपला लढा कधी दुबळा केलेला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठ्यांनी 'माझी मैना' ही छक्कड लिहिली. गावाकडे राहिलेल्या प्रियेच्या विरहात त्यांनी बेळगावचे दुःख गुंफले. गावोगावच्या माणसाला सीमाप्रश्न समजला तो अशा कवनांतून.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे काम आपल्या शेजाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यात करून दाखवले आहे. डॉ. चंद्रशेखर कंबार हे हुक्केरी तालुक्यातील घोडगेरीचे. धारवाडच्या किंवा म्हैसूरच्या ग्रंथांतल्या कन्नडऐवजी त्यांनी आपल्या गावच्या, बेळगाव भागातल्या कन्नड बोलीत लिहिले. 'हेळतेन केळ', म्हणजे 'सांगतो ऐक', हे त्यांचे दीर्घ कथाकाव्य लोकगीतांच्या चालीवर बेतलेले आहे आणि 'जोकुमारस्वामी' हे नाटक लोकनाट्याच्या अंगाने जाते. त्या बोलीला २०१० सालचे ज्ञानपीठ मिळाले. गोकाक भागातील कुलगोड तम्मण्णांचे 'श्रीकृष्ण पारिजात' तर त्याही पूर्वीपासून रात्र रात्र रंगत आले आहे. भाषिक सक्तीला आपला विरोध आहे आणि तो राहील. म्हणून शेजाऱ्याच्या चांगल्या कामाकडे पाठ फिरवायची नसते. त्यांच्या खेड्याच्या बोलीला कवी मिळाला. त्याच मातीतल्या आपल्या बोलीला का मिळू नये?

आपल्याकडे गोष्टींची वाण आहे काय? मला एक सुचते ती सांगतो. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. तेथे काठावर मराठी ऐकू येते. खाली जाता जाता कन्नड ऐकू येऊ लागते. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगराजवळून ती जाते, तेथे चौंडक्यावर दोन्ही भाषांतली गाणी चालतात. पुढे कूडलसंगमाला ती कृष्णेला मिळते. कणकुंबीकडची एखादी पोर लग्न होऊन नदीच्या खालच्या अंगाला नांदायला गेली, अशी कल्पना करा. रानातली भलरी, जात्यावरची ओवी, यल्लम्माचे गाणे, सासरची कानडी, माहेरची मराठी, आणि नदी जसजशी पुढे जाते तसतशी बदलणारी तिची बोली. पंधरा-वीस गाण्यांत ही सारी गोष्ट मावेल. तिला सिनेमा नको, मोठा पैसाही नको. ढोल, चौंडके, टाळ आणि आपल्या बोलीची लाज न वाटणारे गळे हवेत. ध्वनिमुद्रणाला आता मुंबई गाठावी लागत नाही, खिशातल्या मोबाईलवरही ते होते.

त्यासाठी सुरुवात लहान करावी. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. त्या दिवशी भाषणे थोडी कमी करून गावच्या वाचनालयात किंवा शाळेत 'जैत रे जैत'ची गाणी ओळीने लावावीत आणि मधल्या कथेचे दुवे एखाद्या शिक्षकाने दोन-दोन वाक्यांत सांगावेत. नंतर मुलांना एवढेच काम द्यावे, की घरातल्या आजीकडून एक गाणे किंवा एक गोष्ट ती जशी सांगते तशी, तिच्याच शब्दांत लिहून आणायची. 'मी आलो' असे आजी म्हणाली तर तसेच लिहायचे. त्या वहीवर लाल शाई चालवायची नाही. तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी अशा वह्या जपून ठेवाव्यात. भजनी मंडळांकडे चाली आहेत, त्या त्यांच्याकडून घ्याव्यात.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल कधी लागेल तो लागो, त्यासाठी आपण झटत राहूच. पण ज्या बोलीसाठी हा दावा आहे ती आजीबरोबर गेली, तर निकाल आपल्या बाजूने लागूनही आपली गत नाग्यासारखी होईल. जैत मिळेल आणि जिच्यासाठी डोंगर चढलो तीच हाती उरणार नाही. आजी अजून गाते आहे, तोवर वह्या उघडाव्यात.