फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे



‘वर्गात फिनेलचा वास दरवळला की पालक निश्चिंत’ हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. वासावरून जंतू मेले की नाही ते कळत नाही. शौचालयात अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकल्याने त्यांची ‘दुप्पट स्वच्छता’ तर होतच नाही, उलट विषारी क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणजे वर्गात शिरला तर खाली सतरंजीवर बसणाऱ्या मुलांच्याच नाकाशी रेंगाळणार. ‘मुले काही फिनेल पीत नाहीत’ म्हणे! आमच्याकडच्या बालवाडीत ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत, पाण्याच्या पिंपाशेजारी असते. रंग दुधासारखा, लेबल नाही. स्वच्छता हवीच, तेवढे मान्य. पण फरशी शाळा सुटल्यावर पुसावी आणि बाटल्या मूळ लेबलासह कुलपात ठेवाव्यात.

– एक पालक, मिरज