सूट खांद्यात बघावा

‘मॅडम, वेटसूट कुठल्या कंपनीचा घेऊ?’ परदेशातल्या स्पर्धेची नोंदणी झाली की हा प्रश्न हमखास येतो. कोल्हापुरातून आता डॉक्टर, पोलीस, शिक्षक, दुकानदार असे सगळेच आयर्नमॅनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला, जातात. कोणी कझाकस्तानात इशिम नदीत पोहतं, कोणी हॅम्बुर्गच्या आल्स्टरमध्ये, कोणी डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या बसेल्टनच्या लांबलचक जेट्टीला वळसा घालून येतं. यातल्या बहुतेकांचं पोहणं टँकवरच झालेलं असतं. त्यांना मी सांगते, कंपनी शेवटी विचारा. आधी सूट अंगात घाला, दोन्ही हात डोक्यावर न्या आणि खांद्याला काय वाटतं ते सांगा.

त्याच्याही आधी बघायचं ते स्पर्धेचं पाणी. आयर्नमॅनमध्ये हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असलं तर सूट चालतो. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमांनी होणाऱ्या १५०० मीटर पोहण्याच्या शर्यतीत हौशींसाठी ही मर्यादा २२ अंश आहे. २०१९पासून गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा होते. तिथे समुद्र इतका उबदार असतो की सूटचा प्रश्नच येत नाही. तरीही गोव्याची तयारी म्हणून सूट घेऊन बसलेली माणसं मला भेटतात. मलेशियात लांगकावीला जाणाऱ्यांचंही तेच. उबदार पाण्यात नुसतं पोहायला शिका आणि ते पैसे प्रशिक्षणाला लावा.

थंड पाण्यासाठी मात्र सूट लागतोच, आणि तो काय करतो हे नीट कळायला हवं. निओप्रीन हे कृत्रिम रबर. त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले असतात. ते ऊब धरतात आणि माणसाला वर उचलतात. आम्ही गावाकडे विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो. भोपळा बुडू देत नसे, पण हातपाय आपल्यालाच मारावे लागत. सूटचंही तेच आहे. पळण्या-सायकलिंगमधून आलेल्यांचे पाय पाण्यात खाली जातात, त्यांना सूट वर आणतो आणि वेळही वाचवतो. पण श्वास घ्यायला डोकं वर काढायची सवय असेल, पाणी ओढताना कोपर पडत असेल, तर हे दोष सूट घालूनही तसेच राहतात. आयर्नमॅनच्या ३.८ किलोमीटर पोहण्यात ते दुप्पट दमवतात.

दुसरा घोळ सूटच्या प्रकाराचा. वेटसूटची कल्पना कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली ती पाणबुड्यांसाठी. पुढे सर्फिंगवाल्यांनी ती उचलली. डॅन एम्पफिल्ड यांनी १९८७मध्ये क्विन्टाना रू ही कंपनी काढली आणि खास ट्रायथलॉनसाठी सूट बनवला. हा इतिहास सांगायचं कारण असं की ऑनलाइन शोधलं तर हे सगळे सूट एकाच यादीत येतात, आणि स्वस्त दिसतो तो बहुतेक वेळा डायव्हिंगचा किंवा सर्फिंगचा. त्यांच्यावर बाहेरून नायलॉनचं कापड असतं, कारण त्यांना खडक आणि फळ्या सोसायच्या असतात. तासभर हात फिरवण्यासाठी ते शिवलेलेच नसतात. ट्रायथलॉनचा सूट बाहेरून गुळगुळीत असतो. पायांना आणि धडाला तो चार-पाच मिलिमीटर जाड, तर खांद्याशी दीड-दोन मिलिमीटर पातळ असतो. नियमाने पाच मिलिमीटरच्या वर जाता येत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीला विक्रेत्याने ‘सगळं एकच असतं’ म्हणून डायव्हिंगचा सूट दिला. राजाराम तलावाच्या काठावर तिने तो चढवला, तेव्हा तिला हात कानापर्यंत नेता येईनात. परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता.

आता मापाकडे येते, कारण सगळा खेळ मापाचा आहे. कंपन्यांच्या तक्त्यात उंची, वजन, छाती असते. दंडाचा घेर आणि मानेची लांबी बहुतेक तक्त्यांत सापडत नाही, आणि सूट अडतो तो तिथेच. घालताना घाई करू नये. पायाला पातळ प्लास्टिकची पिशवी लावली की पाय सरकन आत जातो. नखांनी ओढलं तर रबर चंद्रकोरीसारखं फाटतं, म्हणून बोटांच्या पेरांनी, शक्यतो सुती हातमोजे घालून, थोडं थोडं वर सरकवायचं. आधी पिंडऱ्या, मग मांड्या, मग जांघेत अजिबात पोकळी न ठेवता वर. तिथे दोन बोटं जागा राहिली तर ती खांद्याला खाली ओढते, आणि माणूस समजतो की सूट खांद्यात लहान आहे. धड बसलं की बाह्यांचं जास्तीचं रबर मनगटापासून खांद्यावर आणून ठेवायचं. मागची चेन दुसऱ्याने लावावी. कोरडा सूट घट्टच वाटतो, ते ठीक आहे. पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, गळ्यात एक बोट गेलं पाहिजे, आणि कमरेच्या खळग्यात हवा राहता कामा नये, नाहीतर तिथे पाणी साठून ते पोहणाऱ्याला मागे ओढतं.

बायकांना मी आणखी एक सांगते. आपल्यापैकी अनेकींचे पाय आधीच पाण्यात बऱ्यापैकी वर राहतात. पायाला जास्तीत जास्त उचल देणारा सूट घेतला की टाचा पाण्याबाहेर येतात, पाय हवेत मारले जातात आणि कंबर दुखते. पुरुषांच्या मापातला छोटा सूट ‘चालेल’ म्हणून घेऊ नका. छातीत आवळतो आणि कमरेत झोळ पडतो.

हा सगळा आग्रह मी धरते, त्याचं खरं कारण जिवाशी आहे. थंड पाण्यात उतरलं की पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि ताब्यात राहत नाही. त्यात छाती आवळलेली, गळ्याशी रबर, आजूबाजूला शेकडो माणसांचे हातपाय. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना एका अभ्यासात तपासल्या गेल्या. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. हृदयाचे छुपे आजार हे त्यामागचं एक मोठं कारण, म्हणून चाळिशीच्या पुढच्यांना मी आधी तपासणी करायला पाठवते. पण नवा सूट पहिल्यांदा शर्यतीच्या सकाळी अंगावर चढवणं, ही गोष्ट तर आपल्या हातात आहे, आणि आपल्याकडची कितीतरी माणसं नेमकं तेच करतात. त्यांना दोषही देता येत नाही. आपल्या टँकवर सूट घालून अर्धा तास पोहलं तर माणूस उकाड्यानेच बेजार होतो. सराव करायचा तर थंडीतली पहाट आणि उघडं पाणी हवं, सोबत होडी आणि जाणता माणूस हवा. एकट्या माणसाला हे जमत नाही.

म्हणून मला वाटतं, पहिला सूट विकत घ्यायचाच नसतो. ब्रिटनमध्ये मोसमभरासाठी सूट भाड्याने देणारी दुकानं आहेत. आपल्याकडे चांगल्या सूटला पंधरा-वीस हजारांपासून पुढे कितीही पडतात. एका शर्यतीनंतर तो घडी घालून माळ्यावर जातो, उन्हाळ्यात तापतो, घडीवर चिरतो. कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबईत असे हजारो रुपयांचे शेकडो सूट घराघरांत पडून असतील. हे सूट क्लबांनी गोळा करावेत. जिल्ह्याच्या जलतरण संघटनांनी आणि महापालिकांच्या तलावांनी त्यांच्यासाठी एक सावलीतली खोली द्यावी, जाड खांद्यांचे हँगर द्यावेत. वापरून झाला की गोड्या पाण्यात बुचकळून, उलटा करून सावलीत वाळवायचा, एवढंच काम आहे. अनामत घ्या, भाडं घ्या. स्त्रियांची मापं विसरू नका. थंडीत महिन्यातून एक पहाट ठरवा, होडी आणि जीवरक्षक ठेवा आणि नव्या माणसांना तीन-चार वेगळे सूट घालून पाण्यात उतरू द्या. ज्याला त्यानंतरही स्वतःचा हवा असेल, त्याला कुठलं माप आणि कुठली जाडी हे तोवर कळलेलं असेल.

युरोपातल्या बऱ्याच शर्यती जून ते ऑगस्टमध्ये असतात. यंदा जाऊन आलेल्यांनी सूट दिवाळीच्या आत क्लबात आणून दिले, तर डिसेंबरची पहिली पहाट याच वर्षी घेता येईल. आमच्या टँकवर तशी यादी करायला मी सुरुवात केली आहे.